खोली फ्रेममध्ये मावत नाही: छोट्या जागांसाठी परवडणारी वाइड लेन्स कशी ठरवायची

छोट्या खोल्यांचे फोटो काढणाऱ्यांची एक तक्रार सारखी कानावर येते. भिंतीला पाठ टेकवली, किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत येणारी साधी झूम) १८ मिमीवर आणली, तरी पलंग येतो तर खिडकी जाते आणि खिडकी धरली तर कपाट अर्धं कापलं जातं. मग वाइड लेन्स घेतली जाते. थोडे दिवस समाधान असतं आणि मग तक्रारीचं रूप बदलतं. आता सगळं मावतं, पण भिंती आत कललेल्या दिसतात, कडेची खुर्ची ताणली जाते, समोरची भिंत मैलभर लांब वाटते. पुन्हा बाजार धुंडाळणं सुरू होतं आणि या वेळी नजर आणखी महाग लेन्सवर असते.

यातली फक्त पहिली अडचण लेन्सची आहे. बाकीच्या जवळपास सगळ्या कॅमेरा कुठे ठेवला, किती उंचीवर ठेवला आणि सरळ ठेवला का, यावर सुटतात. म्हणून आधी किती रुंदी हवी ते मोजायचं, तेवढी रुंदी देणाऱ्यांतली सगळ्यात स्वस्त पण धड लेन्स घ्यायची आणि उरलेले पैसे ट्रायपॉडवर घालायचे. खोलीतल्या वस्तू हलत नाहीत. तिथे एफ/२.८ची भारी लेन्स (एफचा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त आत येतो) जेवढं देते त्यापेक्षा न डगमगणारा ट्रायपॉड जास्त देतो, हे माझं ठाम मत आहे.

किती रुंदी हवी?

खोलीचा कोपरा ९० अंशांचा असतो. कोपऱ्यात उभं राहून समोरच्या दोन्ही भिंती टोकापर्यंत टिपायच्या तर लेन्सला आडवे ९० अंश दिसले पाहिजेत. प्रत्यक्षात कॅमेरा कोपऱ्याच्या अगदी टोकाशी नेता येत नाही, तो थोडा पुढे येतो, म्हणून ९५ ते १०० अंश हाताशी असलेले बरे. छोट्या खोल्यांसाठी एवढाच आकडा लक्षात ठेवा: ९० ते १००.

हे मिलिमीटरमध्ये, म्हणजे लेन्सवर लिहिलेल्या फोकल लेन्थमध्ये (आकडा कमी तितकी लेन्स रुंद), आणायचं तर सेन्सरची, म्हणजे कॅमेऱ्यातल्या चित्र टिपणाऱ्या भागाची, रुंदी धरावी लागते. फुल फ्रेम सेन्सर ३६ मिमी रुंद असतो, त्यावर १८ मिमीची लेन्स बरोबर ९० अंश देते. निकॉन, सोनी, फुजीचे १.५ पट क्रॉपवाले, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा तितक्या पट लहान, सेन्सर साधारण २३.५ मिमी रुंद असतात, त्यांना त्यासाठी १२ मिमी लागतात. कॅननच्या १.६ पट क्रॉपला ११ मिमी. मायक्रो फोर थर्ड्सचा सेन्सर १७.३ मिमी रुंद, त्याला ९ मिमीपेक्षा किंचित कमी. आता किट लेन्स बघा: १.५ क्रॉपवर १८ मिमीला ६६ अंश मिळतात, १६ मिमीपासून सुरू होणाऱ्या किटला ७२-७३. म्हणजे तुमचं काही चुकत नव्हतं, तुमच्याकडे खरोखरच २० अंश कमी होते.

या टोकाला एकेक मिलिमीटर मोलाचा असतो. क्रॉप सेन्सरवर ५२ वरून ५० मिमीवर आलात तर जेमतेम एक अंश वाढतो. १२ वरून १० वर आलात तर तब्बल दहा अंश वाढतात, ८९चे ९९ होतात. त्यामुळे ‘१० की १२, काय फरक पडतो’ असं म्हणून लेन्स उचलू नका.

समोरासमोर फोटो काढायचा असेल तर हिशेब आणखी सोपा आहे. फ्रेममध्ये येणारी रुंदी म्हणजे अंतर गुणिले सेन्सरची रुंदी भागिले फोकल लेन्थ. तीन मीटरची भिंत १.५ क्रॉपवर १८ मिमीने पूर्ण घ्यायची तर २.३ मीटर मागे जावं लागतं. १२ मिमीने दीड मीटर पुरतं, १० मिमीने सव्वा मीटरच्या जरासं पुढे. आपल्या सगळ्यात अडचणीच्या खोलीत मोजपट्टी टाका आणि त्यातून चाळीसेक सेंटिमीटर वजा करा, कारण ट्रायपॉड आणि तुमचं डोकं तेवढी जागा खातात.

मोजपट्टी नको असेल तर फोन काढा. २०१९ सालच्या ११ पासून बहुतेक आयफोनमध्ये ०.५वाली वाइड लेन्स आहे, ती फुल फ्रेमच्या सुमारे १३ मिमीइतकी पडते. इतर बऱ्याच फोनमध्येही अशी लेन्स असते. त्या लेन्सवर जाऊन बोटांनी चिमटीत झूम करत ०.७वर या. हे झालं फुल फ्रेमचं १८ मिमी, जवळपास ९० अंश. फोनचं चित्र ४:३ आकाराचं असल्यामुळे थोडा फरक राहतो, पण अंदाजाला पुरतं. आता खोलीत फिरा, दारात जा, कोपऱ्यात जा. ०.७वर तुमचं काम होत असेल तर १.५ क्रॉपवर १२ मिमी बस झालं. ०.५वर जावंसं वाटत असेल तर आधी उभं राहण्याची जागा बदलून बघा. बहुतेक वेळा गरज रुंदीची नसते, एक पाऊल मागे सरकायची असते.

लेन्सवरचा आकडा फसवतो तो इथे

सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते या एका गोष्टीत. लेन्सवर छापलेला आकडा कॅमेऱ्याप्रमाणे बदललेला नसतो. कॅननची आरएफ १६ मिमी एफ/२.८ ही फुल फ्रेमवर छान वाइड लेन्स आहे, ९७ अंश देते, आकाराने छोटी आणि तुलनेने स्वस्त. क्रॉप सेन्सरच्या कॅमेऱ्यावर लावली की ती फुल फ्रेमवरच्या २६ मिमीसारखी होते, म्हणजे किट लेन्सच्या १८ मिमीपेक्षा फक्त थोडीशी जास्त रुंद. ‘१६ मिमी घेतली तरी खोली मावत नाही’ या तक्रारीच्या मुळाशी बहुधा हेच असतं. क्रॉप कॅमेरा असेल तर १०, ११ किंवा १२ पासून सुरू होणारी लेन्स घ्या, मग ती कुठल्याही कंपनीची असो.

दुसरा फसवा आकडा फिशआयचा. ८ मिमी फिशआय आणि ८ मिमी सरळ-रेषांची लेन्स या दोन वेगळ्या जाती आहेत. फिशआय कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत १८० अंश घेते, पण दाराच्या चौकटी कमानीसारख्या वाकवते. सॉफ्टवेअरने त्या सरळ करता येतात, मात्र कडांचा बराच भाग कापला जातो आणि जो राहतो तो ताणून मऊ पडतो. घराच्या फोटोंसाठी मी ती सुचवणार नाही. किट लेन्सच्या पुढे स्क्रूने बसवायची ०.४५ पटीची काच तर अजिबातच नाही. मधला भाग बरा दिसतो आणि कडांवर सगळं विरघळतं. खोलीच्या फोटोत नेमक्या कडाच महत्त्वाच्या असतात, भिंती आणि चौकटी तिथेच असतात.

लेन्स न घेताही काम होऊ शकतं

महिन्यातून एखादी खोली काढायची असेल तर आहे त्या किट लेन्सने फोटो जोडा. कॅमेरा उभा धरून ट्रायपॉडवर ठेवा, १८ मिमी, फोकस आणि एक्स्पोजर मॅन्युअलवर, व्हाइट बॅलन्स ठरावीक. १.५ क्रॉपवर उभ्या फ्रेमला आडवे ४७ अंश मिळतात. एक तृतीयांश भाग एकमेकांवर येईल असे तीन फोटो काढलेत की साधारण ११० अंश झाले. ह्युगिन नावाचं मोफत सॉफ्टवेअर ते जोडतं. तिथे प्रोजेक्शन ‘रेक्टिलिनियर’ (सरळ रेषा सरळच ठेवणारं) निवडा, नाहीतर भिंती वाकतील.

यात एक मेख आहे. कॅमेरा ट्रायपॉडच्या स्क्रूभोवती फिरवला तर जवळच्या खुर्चीची पाठ आणि मागची खिडकी यांची जागा एकमेकांच्या तुलनेत सरकते आणि जोडावर खुर्ची तुटलेली दिसते. फिरण्याचा आस लेन्सच्या आतल्या एका बिंदूतून जायला हवा. त्यासाठी कॅमेरा मागे सरकवता येईल अशी साधी सरकपट्टी मिळते. बिंदू शोधायचा तर जवळ एक उभी काठी आणि दूर दाराची चौकट एका रेषेत धरा, कॅमेरा डावी-उजवीकडे फिरवा, आणि दोन्ही एका रेषेत राहीपर्यंत पट्टी मागेपुढे करा. एकदा खूण केली की प्रत्येक वेळी शोधावा लागत नाही.

हे रोज करायचं काम मात्र नाही. आठवड्याला दोन-तीन घरं काढत असाल तर लेन्स घ्याच.

कोणती घ्यावी

कॅननचा क्रॉप डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) असेल तर फार विचार न करता ईएफ-एस १०-१८ मिमी एफ/४.५-५.६ आयएस एसटीएम. २०१४ सालची लेन्स आहे, वजन २४० ग्रॅम, माउंट (कॅमेऱ्याला जोडणारी कडी) प्लास्टिकचा आहे पण चित्र उत्तम. आतमध्ये स्टॅबिलायझेशन (हात हलल्याने येणारा धूसरपणा कमी करणारी सोय) आहे, त्यामुळे ट्रायपॉड ठेवायला जागाच नसलेल्या न्हाणीघरात हातात धरूनही चालते. अडॅप्टर लावून कॅननच्या मिररलेसवरही जाते. थेट मिररलेससाठी आरएफ-एस १०-१८ आहे, ती तर अवघी १५० ग्रॅम.

निकॉनच्या क्रॉप डीएसएलआरसाठी एएफ-पी डीएक्स १०-२० मिमी व्हीआर. चांगली आणि हलकी, पण घेण्याआधी आपला कॅमेरा तपासा. डी३२००, डी५१००, डी७००० यांसारख्या जुन्या कॅमेऱ्यांवर एएफ-पी लेन्स फोकसच करत नाहीत, आणि हाताने फोकस करायची रिंगही कॅमेऱ्याच्या विजेवर चालत असल्यामुळे तीही निकामी ठरते. अशा कॅमेऱ्यासाठी सिग्माची जुनी १०-२० मिमी एफ/४-५.६ वापरलेली बघावी. टोकिनाची ११-१६ एफ/२.८ही वापरलेली भरपूर मिळते. तिच्या निकॉनसाठीच्या पहिल्या आवृत्तीत फोकसची मोटर नाही, त्यामुळे डी३००० आणि डी५००० मालिकांवर हाताने फोकस करावा लागतो. खोलीसाठी ती अडचण नाही, पण खिडकी फ्रेममध्ये असली की तिच्यात प्रकाशाचे डाग आणि कडांवर जांभळी झाक येते. माझी पसंती सिग्माला. निकॉनच्या क्रॉप मिररलेससाठीची झेड डीएक्स १२-२८ ही ८९ अंशांवर थांबते. चालते, पण फार हात राखून.

सोनी आणि फुजीच्या क्रॉप कॅमेऱ्यांना सॅमयांग १२ मिमी एफ/२ ही हाताने फोकस करायची लेन्स पुष्कळ वर्षं साथ देत आली आहे. हाताने फोकस म्हटलं की लोक बिचकतात. इथे बिचकू नका. १२ मिमी, एफ/८, फोकस साधारण ९० सेंटिमीटरवर ठेवलात की अर्ध्या मीटरच्या आतल्या अंतरापासून अनंतापर्यंत सगळं स्पष्ट येतं. रिंगला चिकटपट्टी लावून दिवसभर विसरून जा. बजेट थोडं वर नेता आलं तर सिग्मा १०-१८ एफ/२.८ ही २०२३ची लेन्स जास्त मोकळीक देते. सोनीची स्वतःची १०-१८ एफ/४ वापरलेली मिळाली तर तीही चांगली. मायक्रो फोर थर्ड्सवाल्यांनी ऑलिंपसची ९-१८ बघावी. कागदावर ८८ अंश असले तरी ४:३ फ्रेम उंच असल्यामुळे छत आणि जमीन सुखाने मावतात.

फुल फ्रेमवर वर सांगितलेली आरएफ १६ आहेच. डीएसएलआर असेल तर कॅननची ईएफ १७-४० एफ/४ आणि निकॉनची १८-३५ एफ/३.५-४.५ या वापरलेल्या लेन्सेस खोल्यांसाठी पुरेशा आहेत. १४ मिमीच्या मोहात पडू नका. का, ते पुढे येतं.

लेन्स घेतली, तरी फोटो विचित्र दिसतात

*भिंती आत किंवा बाहेर कलतात.* कॅमेरा वर किंवा खाली झुकला आहे, दुसरं कारण नाही. वाइड लेन्सवर दोन अंशांचा झुकावही उघड दिसतो. कॅमेऱ्यातली इलेक्ट्रॉनिक लेव्हल चालू करा आणि फ्रेमच्या कडेला असलेली दाराची चौकट त्या कडेशी समांतर आहे का ते बघा. मधली चौकट बघून उपयोग नाही, मधे झुकाव जवळजवळ दिसतच नाही. छत जास्त येतंय म्हणून कॅमेरा झुकवायचा नाही, अख्खा कॅमेरा खाली आणायचा. झोपायच्या खोलीत १.२ मीटर उंची बहुधा बरोबर बसते. स्वयंपाकघरात ओट्याच्या वर थोडं, म्हणजे ओट्याचा पृष्ठभाग चिंचोळ्या पट्टीइतका तरी दिसेल. डोळ्यांच्या उंचीवरून काढलेले फोटो खाली झुकतातच, कारण तिथून सरळ पाहिलं तर जमीन पुरेशी येत नाही आणि हात आपोआप कॅमेरा खाली वळवतो.

*कडेच्या वस्तू ताणल्या जातात.* हा लेन्सचा दोष नाही आणि महाग लेन्सनेही जात नाही. रेषा सरळ ठेवायच्या असतील तर कडा ताणाव्याच लागतात, ही भूमिती आहे. कडेजवळ ठेवलेला गोल दिव्याचा गोळा घ्या. फुल फ्रेमवर २४ मिमीने काढलात तर डाव्या-उजव्या कडेशी तो उंचीच्या सव्वापट रुंद दिसतो. १८ मिमीने १.४ पट, १६ मिमीने दीडपट, आणि १२ मिमीने १.८ पट. कोपऱ्यांत याहून जास्त. पण समोरच्या भिंतीवर टांगलेलं चपटं घड्याळ, भिंत कॅमेऱ्याला समांतर असेल तर, कडेला असूनही गोलच राहतं. म्हणून ताणल्या जाणाऱ्या गोष्टी ओळखून ठेवा: गोल दिवे, उशा, फुलदाण्या, माणसं. त्यांना मधल्या भागात आणा किंवा फ्रेमबाहेर काढा. कडांना सपाट गोष्टी ठेवा, पडदा, कपाटाचं दार, मोकळी भिंत. १४ मिमीला मी नको म्हणतो ते यामुळेच. आधीच अरुंद असलेल्या खोलीत कडेची प्रत्येक वस्तू पसरते आणि बघणाऱ्याला जागा खरी वाटत नाही. भाड्याने किंवा विक्रीला द्यायच्या घराचे फोटो असतील तर ते प्रत्यक्ष बघायला येणाऱ्यावर अन्यायही होतो.

*खोली नको इतकी लांब दिसते.* कॅमेऱ्याच्या अगदी पुढ्यात काहीतरी आहे. समजा पलंगाचं टोक ६० सेंटिमीटरवर आणि समोरची भिंत ३ मीटरवर आहे. अंतरांचं प्रमाण एकास पाच. दाराबाहेर ६० सेंटिमीटर मागे गेलात की ते १.२ आणि ३.६ होतं, म्हणजे एकास तीन. लेन्स तीच, खोली तीच, पण पलंग आता पलंगाएवढा दिसतो. बाहेर जाता येत नसेल तर कॅमेऱ्याची पाठ भिंतीला टेकवा, स्क्रीन वळवा किंवा फोनवरच्या ॲपमधून बघा आणि टायमरने फोटो घ्या. तुमचं डोकं कॅमेऱ्यामागून गेलं की तीस-चाळीस सेंटिमीटर फुकटात मिळतात.

*सरळ रेषा लाटेसारख्या.* कॅमेरा सरळ आहे, तरी छताची रेषा मधे फुगते. हे लेन्सचं विकृतीकरण आहे आणि प्रोफाइलने, म्हणजे त्या लेन्ससाठी तयार असलेल्या दुरुस्तीने, जातं. लाइटरूममध्ये ते मिळतं, डार्कटेबल आणि रॉथेरपी ही मोफत सॉफ्टवेअर्सही करतात. नुसता एक स्लायडर ओढून समाधान मानू नका. सॅमयांग १४ मिमी एफ/२.८सारख्या लेन्सेसमध्ये रेष मधे फुगते आणि कडेला उलट वळते, तिला स्लायडर पुरत नाही, त्या लेन्सचं प्रोफाइलच लागतं. आरएफ १६ची रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) प्रोफाइलशिवाय उघडली तर फुगलेली आणि काळ्या कोपऱ्यांची दिसते. घाबरू नका, ती तशीच बनवलेली आहे, दुरुस्ती धरूनच.

*खिडकी पांढरीफटक.* ट्रायपॉड, एफ/८, आयएसओ १००, आणि दोन-दोन स्टॉपच्या (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) फरकाने तीन फोटो, नंतर एकत्र करायला. खोलीतले दिवे एक तर सगळे बंद किंवा सगळे एकाच रंगाचे, कारण २७०० केल्विनचा पिवळा बल्ब आणि खिडकीतला दिवसाचा उजेड एकाच व्हाइट बॅलन्सने जुळत नाहीत. मी शक्यतो दिवे बंद ठेवतो.

वापरलेली लेन्स घेताना

परवडणारी म्हटलं की वापरलेली आलीच, आणि वाइड लेन्समध्ये एक दोष असा असतो की वरून दिसत नाही: आतली एखादी काच केंद्रातून सरकलेली असणं. लेन्स पडली असेल तर तो येतो, कधी नव्या लेन्समध्येही असतो. तपासायला विटांची भिंत किंवा फरशी लावलेली भिंत घ्या. कॅमेरा ट्रायपॉडवर, भिंतीला समांतर, सगळ्यात रुंद टोक, एफ/५.६. फोटो संगणकावर शंभर टक्के मोठा करून चारही कोपरे एकमेकांशी ताडून बघा. चारही सारखेच थोडे मऊ असतील तर हरकत नाही, स्वस्त वाइड लेन्सचे कोपरे तसेच असतात आणि एफ/८वर सुधारतात. एकच बाजू मऊ असेल तर आधी कॅमेरा खरोखर समांतर होता का ते तपासून पुन्हा फोटो घ्या. दुसऱ्यांदाही तीच बाजू मऊ आली तर ती लेन्स घेऊ नका, एफ/११वर जाऊनही ती बाजू पूर्ण सावरत नाही.

मग टॉर्च मागून टाकून काचेतून पाहा. दोन-चार धुळीचे कण चित्रात उमटत नाहीत. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे, आणि धुरकट पडदा दिसला तर खिडकीसमोर तीच लेन्स सगळा कॉन्ट्रास्ट घालवेल. झूम रिंग १० ते १८ पर्यंत फिरवताना मधेच अडकते का, आणि प्रत्येक फोकल लेन्थवर फोकस लागतो का, हे विक्रेत्यासमोरच बघून घ्या. त्यासाठी आपला स्वतःचा कॅमेरा सोबत न्या, विक्रेत्याच्या कॅमेऱ्यावर चालली म्हणून आपल्यावर चालेलच असं नाही.